यॉर्कशायरातली तंबाखू

महाराष्ट्रात वाढलेल्या बहुतेकांनी तंबाखू पाहिलेली असते ती चुरा होऊन पुडीत आल्यानंतरची. डाव्या तळहातावर ती घेऊन, नखाएवढा चुना लावून, उजव्या अंगठ्याने मळणारी आणि वर दोन थापा मारून धूळ उडवणारी माणसे आपण असंख्य पाहतो, पण ज्या झाडाची ही पाने ते झाड दारात उभे असलेले फार थोड्यांनी पाहिले आहे. माझे आजोळ निपाणीजवळचे असूनही मला तंबाखू आठवते ती शेतातली कमी आणि वखारीतल्या ठसका लावणाऱ्या वासाची जास्त. त्यामुळे इंग्लंडात, यॉर्कशायरसारख्या ओल्या आणि गार मुलखात, भाजी पिकवण्यासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर मी तंबाखू लावते हे ऐकून लोक चकित होतात. त्यातून मी ती ओढत नाही आणि खातही नाही म्हटल्यावर तर हा उद्योग त्यांना निव्वळ रिकामपणाचा वाटतो. तसा तो थोडासा आहेही.

वास्तविक थंड प्रदेशात तंबाखू वाढवणे फारसे अवघड नाही. अवघड आहे ते वाढलेल्या पानाचे पुढे काही करणे. या झाडाला ऊब लागते ती जन्माच्या वेळी आणि पान खुडल्यानंतर. मधले तीन-चार महिने ते स्वतःची सोय स्वतः पाहते. बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये 10,000 हून अधिक दाणे भरतात, आणि ते मातीत पुरायचे नसते, कारण उगवण्यासाठी त्याला उजेड लागतो. बारीक वाळूत मिसळून ते ओल्या मातीवर नुसते भुरभुरायचे आणि पाणी खालच्या ताटलीतून पाजायचे. झारीने घातले तर सगळे बी वाहत जाऊन एका कोपऱ्यात गोळा होते. 20 अंशांच्या वरची ऊब मार्च महिन्यात या मुलखात घराबाहेर कुठेच मिळत नाही, म्हणून ट्रे ठेवायचा तो रेडिएटरजवळच्या खिडकीत. आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवे ठिपके दिसतात आणि मग महिनाभर ते ठिपकेच राहतात. पुष्कळांचा धीर इथेच सुटतो, आणि तो सुटावा असाच हा प्रकार आहे. मेच्या अखेरीस, रात्री पाणी गोठण्याची भीती सरल्यावर, रोपे बाहेर लावायची आणि सुरुवातीला गोगलगायींपासून राखायची, की आपले बरेचसे काम संपते.

त्यानंतर जे होते ते पाहण्यासाठीच मी हे झाड लावते. जूनमध्ये इथे सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, आणि त्या लांबलचक उजेडावर तंबाखू अशी झपाट्याने वाढते की तिच्याच कुळातले शेजारचे बटाटे आणि टोमॅटो खुजे दिसू लागतात. ऑगस्टपर्यंत झाड माणसाच्या उंचीला येते आणि खालची पाने हातभर लांब होतात. पान डोळ्यांजवळ धरून पाहिले तर त्यावर बारीक लव दिसते, आणि त्या लवेच्या टोकांवर चिकट द्रवाचे सूक्ष्म थेंब चकाकत असतात. चिलटे त्यांत अडकून तशीच वाळून जातात. पाने चाळल्यावर बोटे आधी हिरवट-पिवळी होतात आणि पाहता पाहता काळी पडतात, आणि तो काळेपणा साबणाच्या एका हाताने जात नाही. पान ओले असेल तर निकोटिन कातडीतूनही अंगात भिनते. ओल्या शेतात पाने खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर आणि उलट्या होतात हे तंबाखूच्या मुलखांत ठाऊक असलेले दुखणे आहे, आणि यॉर्कशायरात कोरड्या पानांचा दिवस दुर्मीळ असल्यामुळे मी हल्ली हातमोजे घालूनच झाडाजवळ जाते. गंमत अशी की हे निकोटिन मुळात पानात तयारच होत नाही. ते मुळांत तयार होते आणि खोडातून वर चढते. तंबाखूच्या फांदीचे कलम टोमॅटोच्या मुळावर केले, तर वर फुटणाऱ्या तंबाखूच्या पानांत ते जवळजवळ नसते.

फुलोरा दिसू लागला की शेंडा खुडावा लागतो, म्हणजे झाडाची ताकद बियांकडे न जाता पानांत उतरते. मग पानांच्या बगलेतून फुटवे येतात, तेही काढत राहावे लागतात. निपाणीचे मामा फोनवर ख्यालीखुशालीच्या आधी हेच विचारतात. "अगं, शेंडा मोडलास का न्हाईस अजून? फुलं बघत बसलीस तर पानात काय ऱ्हायचं न्हाई." मला फुलेही हवी असतात, म्हणून काही झाडे मी तशीच सोडते आणि मामांना सांगत नाही. फिकट गुलाबी नळीसारखी ती फुले पाहून या झाडाच्या लौकिकाची कुणाला शंकाही येणार नाही.

फुलण्याच्या बाबतीत अमेरिकेतल्या मेरीलँडच्या एका वाणाची हकिकत मला फार आवडते. "मेरीलँड मॅमथ" नावाचा हा वाण उन्हाळाभर नुसता उंच वाढत राही आणि फुलावर येण्याआधीच थंडी त्याला मारून टाकी. तोच हिवाळ्यात काचघरात लावला तर लहानपणीच फुले. गार्नर आणि अलार्ड या तिथल्या शेतकी खात्यातल्या दोघा शास्त्रज्ञांनी ऊब, पाणी, खत असे सगळे संशय फेडून पाहिले आणि अखेर भर उन्हाळ्यात काही झाडे दुपार कलली की अंधारात नेऊन ठेवली, तर ती फुलली. दिवस आणि रात्र यांच्या लांबीवरून झाड आपली फुलण्याची वेळ ठरवते हे त्यांनी 1920 मध्ये मांडले. आपल्याकडे शेवंतीच्या शेतात रात्री दिवे लावून फुले लांबवतात त्यामागे हेच तत्त्व आहे. घरी लावायचे वाण सहसा इतके हट्टी नसतात.

सप्टेंबर आला की मात्र खऱ्या अडचणीला सुरुवात होते. तंबाखूचे पान नुसते सुकवून भागत नाही, त्याला सावकाश मरू द्यावे लागते. खुडल्यावरही ते काही दिवस जिवंत असते, आणि त्या अवधीत त्यातले हरितद्रव्य मोडते, साठवलेल्या पिठूळ द्रव्याची साखर होते, रंग पिवळा आणि मग तपकिरी होतो. त्यासाठी ऊब हवी, बेताची आर्द्रता हवी आणि सहा-आठ आठवड्यांची सवड हवी. घाईने वाळवले तर पान हिरवेच राहते आणि त्याला गवताचा वास येतो. सर्द हवेत टांगून ठेवले तर मधल्या जाड शिरेपासून बुरशी धरते. निपाणीकडे पीक कापून शेतातच पसरतात आणि पुढचे काम कोरडे ऊन करते; यॉर्कशायरातल्या ऑक्टोबराकडे देण्यासारखे असे काहीच नसते. याच पेचातून नेदरलँड्समध्ये आमेरोंगेनच्या परिसरातल्या तंबाखूवाल्यांनी लांबच लांब लाकडी कोठारे बांधली, ज्यांच्या भिंतींतल्या झडपा हवा पाहून उघडायच्या आणि मिटायच्या. तिथून जवळच असलेल्या वागेनिंगेनला अडोल्फ मायर यांनी पानांवर फिकट-गडद डाग पाडणाऱ्या रोगाला 1886 मध्ये "मोझेक" हे नाव दिले, आणि त्या रोगाचा माग काढता काढता विषाणू विज्ञानाच्या हाती लागला. तो रोग टोमॅटोलाही होतो आणि सिगारेटमधल्या तंबाखूतूनही येऊ शकतो, तेव्हा धूम्रपान करून आलेल्या पाहुण्याला मी हात धुतल्याशिवाय वाफ्याकडे फिरकू देत नाही. त्यांना तो सोवळेपणा वाटतो.

हवामान पानाच्या आडवे येते ते खुडल्यानंतर, आणि सरकारही तसेच. ब्रिटनमध्ये तंबाखूचे झाड लावायला बंदी नाही, पण पान वाळवून, चिरून ओढण्याजोगे केले की त्यावर अबकारी कर लागू होतो. ऑस्ट्रेलियात तर परवान्याशिवाय लागवडच करता येत नाही. इंग्लंडच्या या जागरूकतेला चार शतकांचा इतिहास आहे. पहिल्या जेम्स राजाने 1604 मध्ये तंबाखूच्या धुराविरुद्ध स्वतः पुस्तिका लिहिली होती, तरी 1619 मध्ये देशातल्या लागवडीवर त्याने जी बंदी घातली तिच्यामागे धुराचा तिटकारा थोडा आणि व्हर्जिनियाहून येणाऱ्या तंबाखूवरच्या जकातीची काळजी मोठी होती. नेमक्या त्याच वर्षी ग्लॉस्टरशायरमधल्या विंचकम गावात ही लागवड सुरू झाली. शेतकऱ्यांनी बंदीला भीक घातली नाही, त्यामुळे पिके तुडवायला पुढे अनेक वर्षे शिपाई पाठवावे लागले, आणि ती बंदी उठायला 1910 साल उजाडले. इंग्लंडच्या हवेत तंबाखू येते का, असे मला कुणी विचारले की मी विंचकमचे नाव घेते. न येणाऱ्या पिकावर कुणी फौज धाडत नाही. सरकार आणि तंबाखूवाला शेतकरी यांचा झगडा मामांना समजावून सांगावा लागत नाही, कारण 1981 मध्ये भावासाठी निपाणीचा हमरस्ता अडवून बसलेल्या शेतकऱ्यांवर झालेला गोळीबार त्यांच्या पिढीला चांगला आठवतो.

माझ्या पानांचा व्याप अर्थातच कुठल्या खात्याने दखल घ्यावी एवढा नसतो. बरीचशी पाने खतात जातात, आणि थोडी पोटमाळ्यावर दोरीला टांगून त्यांचा रंग बदलताना मी पाहते. पूर्वी इथले माळी काचघरात तंबाखूचा धूर करून मावा मारीत, पण असली घरगुती विषे वापरण्याला आता कायद्याची मुभा नाही, म्हणून तोही उपयोग संपला. वाळलेल्या पानाला मात्र एका बाबतीत इथली हवा मानवते. कोरड्या हवेत ते हात लागताच पापडासारखे चुरते, म्हणून निपाणीकडे वाळलेली तंबाखू पहाटे, दवाने मऊ पडलेली असतानाच हलवतात. आमच्या पोटमाळ्यावर पान कुठल्याही प्रहरी हातात घ्यावे, ते चामड्यासारखे लवते. हे मामांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग बरं हाय की. तुमच्याकडं दीसभर पहाटच."