लाइट गेली आणि एफटी८ चा बँड उघडा पडला

परवा संध्याकाळी साडेसातच्या सुमारास सांगलीच्या विश्रामबागेत लाइट गेली. मी एफटी८ पकडत बसलो होतो, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे छोटे डिजिटल संदेश, जे कॉम्प्युटर खरखरीतनंही वाचून काढतो. लॅपटॉप बॅटरीवर होता, एसडीआरचं डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) त्याच्याच यूएसबी पोर्टवर, त्यामुळं माझं काम चालूच राहिलं आणि समोरचा वॉटरफॉल (स्क्रीनवर सिग्नल रेषांसारखे उतरत जातात ते चित्र) बघता बघता काळाभोर झाला. बंद नाही पडला, त्यातला पिवळट धुरळा तेवढा खाली बसला. १४.०७४ मेगाहर्ट्झवर एरवी त्या वेळेला मला आठ-दहा स्टेशनं मिळतात, त्या दिवशी एका पंधरा सेकंदांच्या फेरीत सव्वीस आली. इटली, रशिया, जपान, इंडोनेशिया, आणि काही उणे वीस डेसिबलच्या आसपासची (नॉइजच्याही कितीतरी खाली), जी कानानं ऐकायला गेलं तर नुसती खरखर.

आता आख्ख्या गल्लीतले एलईडी बल्ब, चार्जर, केबलचे डबे एकदम गप्प झाले म्हणून एवढा फरक पडला हे तर कळलंच. पण मी नीट बघितलं तर अंधारातसुद्धा वॉटरफॉलवर काही रेषा तशाच होत्या, रुंद, थरथरणाऱ्या, एफटी८ शी काही संबंध नसलेल्या. गल्लीत वीजच नाही तर हे येतंय कुठनं? बॅटरी किती वेळ पुरेल माहीत नव्हतं म्हणून पटकन गेनला (सिग्नल किती वाढवून घ्यायचा त्या स्लायडरला) हात घातला, ४९.६ वर होता, एकेक पायरी खाली आणत गेलो आणि २२.९ ला त्या रेषा गायब. डीकोड (वाचता आलेले संदेश) कमी झाले का? नाही, चार वाढले! म्हणजे इतके महिने ती घाण मीच तयार करत होतो.

कारण साधं आहे. या स्वस्तातल्या डोंगलमध्ये एडीसी (सिग्नलचे आकडे करणारा भाग) ८ बिटचा असतो, मोठा सिग्नल आणि बारका सिग्नल एकाच वेळी सांभाळायची त्याची ताकद साधारण ५० डेसिबल. आणि २० मीटरच्या (१४ मेगाहर्ट्झच्या) आपल्या बँडच्या अगदी खालच्या अंगाला, १३.५७ ते १३.८७ मेगाहर्ट्झमध्ये, शॉर्टवेव्हवाली मोठमोठी प्रसारण केंद्रं असतात, संध्याकाळी ती नुसती धो धो येतात. २.४ मेगाहर्ट्झचा सॅम्पल रेट ठेवला की तीही त्याच खिडकीतनं आत शिरतात, गेन फुल्ल असला की एडीसी भरून वाहतो आणि नसलेले सिग्नल दिसायला लागतात. गेन वाढवला की वॉटरफॉल उजळतो आणि आपल्याला वाटतं जास्त ऐकू येतंय. तसं नसतं हो. अँटेनाची पिन काढून बघा, नॉइजची पातळी स्पष्ट खाली आली की गेन पुरेसा आहे, त्याच्या वर नेऊन हाती काही लागत नाही.

मिरजेच्या एका मित्रानं नवीन डोंगल घेतलंय, तो रोज फोनवर विचारतो काय काय सेट करू, म्हणून हे सगळं एकदा लिहूनच टाकतो. त्याच्याकडं आरटीएल-एसडीआर डोंगलची व्ही३ आवृत्ती आहे आणि त्याचा प्रश्न वेगळाय. व्ही३ वर एचएफ (शॉर्टवेव्ह) ऐकायचं तर डायरेक्ट सॅम्पलिंगचा (अँटेनाचा सिग्नल थेट एडीसीला द्यायचा) क्यू ब्रँच निवडावा लागतो, त्यात ट्यूनर बाजूलाच राहतो, त्यामुळं गेनचा स्लायडर कितीही हलवा, काही होत नाही. वर त्याचं घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं, म्हणजे १४.४ ला आरसा लावल्यासारखं होतं आणि १४.७२६ वर जे काही असेल ते १४.०७४ वर येऊन बसतं. ४० मीटरला, ७.०७४ ला, हा त्रास इतका जवळचा नाही, म्हणून त्याला म्हटलं सुरुवात तिथनं कर. शिवाय आकाशवाणी सांगली १२५१ किलोहर्ट्झवर ऐकतच आपण मोठे झालो, पण असल्या उघड्या एडीसीला जवळची मध्यमलहर पेलत नाही, तेव्हा अँटेनाला हायपास फिल्टर लाव असंही सांगितलं. माझ्याकडं आता व्ही४ आहे, त्यात अपकन्व्हर्टर (एचएफ वर सरकवून ट्यूनरला देणारा भाग) आतच असल्यामुळं गेन खरोखर चालतो.

बाकी सेटिंग भरभर सांगतो. मोड यूएसबी (इथं अपर साइडबँड, पोर्टवालं यूएसबी नव्हे), फिल्टरची रुंदी ३२०० हर्ट्झच्या आसपास, कारण एसडीआर प्लस प्लस या रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आधीपासून २८०० असते आणि वरच्या टोकाची स्टेशनं कापली जातात. नॉइज रिडक्शन, नॉइज ब्लँकर, स्क्वेल्च सगळं बंद. एजीसी (पातळी आपोआप कमी-जास्त करणारं) पण बंदच, एक शेजारचा दणदणीत सिग्नल आला की तो सगळ्या बारक्यांना दाबून टाकतो. एफटी८ चा एक सिग्नल फक्त ५० हर्ट्झ रुंद, आठ सूर, दोन सुरांत ६.२५ हर्ट्झचं अंतर, हे सॉफ्टवेअर स्वतः निवडून काढतं, त्याला आपण आधी गाळून दिलेलं चालत नाही. व्हर्च्युअल केबल (एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्यात नेणारी) दोन्ही बाजूला ४८००० हर्ट्झवर ठेवायची, विंडोजचे साउंड एन्हान्समेंट काढून टाकायचे, आणि डब्ल्यूएसजेटी-एक्सचा (एफटी८ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचा) मीटर नुसत्या नॉइजवर ३० डेसिबलच्या आसपास आणायचा.

लॅपटॉप जुना असेल तर सॅम्पल रेट सरळ ०.२५ मेगाहर्ट्झवर आणा. माझा आधीचा लॅपटॉप २.४ वर धापा टाकायचा, वॉटरफॉलवर सिग्नल चकचकीत दिसायचे पण डीकोड शून्य, कारण मधले मधले सॅम्पल गळत होते. दोन रविवार मी अँटेनावर घालवले, दहा मीटर लांबीचा डायपोल (तारेचा अँटेना) तीनदा खाली उतरवला, गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीवरनं आईची बोलणी खाल्ली, आणि दोष सगळा या एका आकड्यात होता.

आणि वेळ. एफटी८ ला प्रत्येक फेरी ०, १५, ३०, ४५ सेकंदाला सुरू होते, प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचं. डीटीच्या (वेळेतल्या फरकाच्या) रकान्यात सगळ्याच स्टेशनांपुढं १.२, १.३ सेकंद असं एकाच बाजूला दिसत असेल तर चूक त्यांची नाही, आपलं घड्याळ पुढं आहे किंवा एसडीआरच्या बफरमुळं आवाज उशिरा पोचतोय, इंटरनेटवरनं वेळ जुळवून बफर कमी करा. अडीच सेकंदांच्या पुढं गेलं की डीकोड बंदच पडतो.

लाइट वीस मिनिटांनी आली. पहिला धुरळा परत आला पण त्या थरथरत्या रेषा आल्या नाहीत, गेन २२.९ वरच होता, आणि स्टेशनं सतरा. मग मी घरातलं एकेक बटण बंद करत फिरलो, टीव्हीच्या डब्याचा अडॅप्टर काढल्यावर एकवीस झाली. एमके७६ ग्रिडमधले (सांगली-मिरजेच्या आसपासचे) जे कोणी असतील त्यांनी आज रात्री नऊच्या सुमारास १४.०७४ वर बघा, मी तो अडॅप्टर काढून बसलेलो असेन.