चुन्याचा गोळा

नाशिकला गंगेकाठच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, एका जुन्या वाड्याचं जोतं आम्ही दुरुस्त करत होतो. पूर किती चढला ते ज्या मूर्तीवरून ओळखतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की या वाड्याचं जोतं बुडतं. आधी कुणीतरी सांध्यांत सिमेंट भरलं होतं. ओल आत कोंडली आणि वरच्या विटांचा भुगा झाला. म्हणून चुनाच वापरायचा ठरलं. पण नुसता चुना हवेवर घट्ट होतो, पाण्यात मऊच राहतो. आणि आमचा खालचा थर सदा पाझरात.

मला अठराव्या शतकातला इंग्रज इंजिनिअर जॉन स्मीटन आठवला. इंग्लंडच्या दक्षिणेला समुद्रातल्या एडिस्टन खडकावर त्याला दीपगृह बांधायचं होतं. तिथला एक मनोरा १७०३च्या वादळाने बांधणाऱ्यासकट नेला, पुढचा लाकडी १७५५मध्ये जळाला. स्मीटनचा मनोरा बुडाशी रुंद, वर निमुळता, ओकच्या बुंध्यासारखा. दगडांना खाचा पाडून ते एकमेकांत असे अडकवले, की लाटेने एकही उपसून निघू नये. पण त्याची खरी कमाई मला चुन्यात दिसते. शुद्ध, पांढरा चुना सगळ्यांत उत्तम, असं तेव्हा मानत. त्याने पडताळून पाहिलं, तर पाण्यात घट्ट होणारा चुना चिकणमाती मिसळलेल्या चुनखडीचा निघाला. त्यात त्याने इटलीहून आणलेली ज्वालामुखीची राख घातली. मिश्रणाचे गोळे पाण्यात टाकून तो परीक्षा घ्यायचा.

आमच्याकडे राखेच्या जागी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. मिस्त्रीमामांना स्मीटनची गोष्ट सांगितली आणि म्हटलं, दोन गोळे करू. एक चुना-वाळूचा, एक सुरखी घातलेला.

"गोळे कशाला साहेब? सुरखीचं काम आमच्या वडलांपासूनचं," असं म्हणत त्यांनी ते वळले, अगदी लाडवासारखे.

दहाव्या दिवशी बादलीत हात घातला. पांढरा गोळा बोटांतून दह्यासारखा निसटला. तांबूस गोळ्यावर मामांनी नख ओढलं, ओरखडा उठला नाही. फरशीवर आपटला तर टणकन वाजला. अंगावर काटा आला माझ्या.

"तो मनोरा आहे का अजून?" मामांनी विचारलं.

१७५९मध्ये त्यावर दिवा लागला तो चोवीस मेणबत्त्यांचा, मी सांगितलं. पुढे पायाखालचा खडकच लाटांनी झिजला, म्हणून १८८२मध्ये शेजारी नवं दीपगृह झालं. जुन्याचा वरचा भाग उतरवून प्लिमथच्या किनाऱ्यावर उभा केला. बुंधा मात्र अजून समुद्रातच आहे.

मामांनी गोळा पुसला, पुन्हा बादलीत ठेवला आणि पोराला हाक मारली, "सुरखी चाळायला घे रे."