तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर नसताना भूल कशी देतेस?

पुण्यातले नातेवाईक विचारतात, इथल्या मराठी मंडळातले विचारतात, सांगलीला माझ्याबरोबर नर्सिंग शिकलेल्या मैत्रिणीही विचारतात. "तू डॉक्टर नाहीस, मग तुला भूल द्यायला देतातच कसे?"

कायद्याने देतात. नर्सने भूल द्यायची तर डॉक्टरच्या देखरेखीखालीच, अशी मेडिकेअर या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यविम्याची अट होती. मी काम करते त्या आयोवा राज्याने डिसेंबर २००१ मध्ये ती स्वतःपुरती काढून टाकली. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. नर्सिंगची पदवी, अतिदक्षता विभागातलं काम आणि त्यानंतर भुलीचं वेगळं शिक्षण, एवढं झाल्यावर मी इथे भूल देणारी नर्स म्हणून उभी आहे. २०२२ पासून या शिक्षणाला येणाऱ्यांना तर डॉक्टरेटच करावी लागते. मक्याच्या शेतांमधल्या पंचवीस खाटांच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ डॉक्टर राहायला येत नाही. तिथे रात्री फोन वाजतो तो माझा.

पूर्वी मी याहून जोरात बोलायचे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या नामांकित हॉस्पिटलच्या ॲलिस मॅगॉने १९०६ साली १४,०००हून जास्त रुग्णांना दिलेल्या भुलीचा अहवाल छापला आणि त्यात भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता, हे मी पाठ म्हणून दाखवायचे. ती नर्सच होती, असं वर ठासून सांगायचे. आता ते तोंडावर येत नाही. कारण एक रात्र.

गोठणारा पाऊस पडत होता. पस्तीस आठवड्यांची गरोदर बाई आली, पोट दगडासारखं कडक, रक्तस्राव चालू, बाळाचे ठोके मंदावलेले. वार बाळंतपणाआधीच गर्भाशयापासून सुटली होती. हेलिकॉप्टरवाल्यांनी उड्डाणाला नकार दिला. मोठं हॉस्पिटल रस्त्याने दीड तासावर, तेही रस्ता कोरडा असताना. आमचे फॅमिली डॉक्टर सिझर करतात, त्यांनी हात धुवायला घेतले. रक्तदाब उतरत होता, कमरेतून भूल देण्याचा प्रश्नच नव्हता. केटामाइन हे भुलीचं औषध दिलं, स्नायू सैल करणारं औषध दिलं, नळी पहिल्याच प्रयत्नात श्वासनळीत गेली. बाळ काही मिनिटांत बाहेर आलं. रडलं नाही.

कोपऱ्यात बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरपाशी दोन नर्सेस त्याला मास्कने श्वास देत होत्या. एकीने मला हाक मारली, "नळी घालायला येतेस का?" त्या खोलीत ते जमणारी मी एकटीच होते. आईचा वरचा रक्तदाब साठवर होता, रक्त गोठेनासं झालं होतं, माझ्या एका हातात रक्ताची पिशवी होती आणि दुसरा तिच्या नाडीवर. मी म्हणाले, "मला इथून हलता येणार नाही." आमच्या पेशाचा नियम तेच सांगतो, आई आधी. हॉस्पिटलात होतं तेवढं सगळं रक्त आम्ही तिला दिलं. पहाटे रस्त्याने तिला पुढे पाठवलं. ती जगली. बाळ गेलं.

पुढे फोनवर माझा मावसभाऊ, जो स्वतः भूलतज्ज्ञ आहे, म्हणाला, "तिथे खरा डॉक्टर असता तर?"

तेव्हा मी भांडले. म्हटलं, डॉक्टरलाही दोनच हात असतात, तोही आईला सोडून गेला नसता. तुमच्याकडे भारतात तरी काय केलंत? ग्रामीण भागात भूलतज्ज्ञ मिळेनात म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवडे शिकवून सिझरच्या भुलीला उभं केलंतच ना! हे मला आजही पटतं. पण त्या भांडणात एक गोष्ट मी मुद्दाम वगळली. "मी नाहीतर कोणीच नाही" हे उत्तर खरं असलं तरी त्या बाईला ते पुरेसं नव्हतं. तिला माझ्यासारखी आणखी एक व्यक्ती हवी होती, भरपूर रक्त हवं होतं, रक्त गोठायला मदत करणारा प्लाझ्मा हवा होता. राज्याने अट काढली, माणसं आणि रक्त कोणी वाढवलं नाही. आणि मी इतकी वर्षं अट निघाल्याचाच अभिमान सांगत राहिले.

भीती वाटते का? वाटते. नळी घालताना नाही, दुसरी हाक येईल याची वाटते.

त्या रात्रीनंतर मी जास्त रक्तसाठ्याची आणि प्रसूतीच्या वेळी दुसऱ्या भूल देणाऱ्याला कॉलवर ठेवण्याची मागणी लेखी दिली. ती अजून समितीपुढेच आहे. हेच पत्र एखाद्या डॉक्टरच्या सहीने गेलं असतं तर लवकर मंजूर झालं असतं का? मावसभावाच्या प्रश्नाचा एवढा भाग मला खोडून काढता येत नाही.