ऐंशी क्विंटल

गेल्या आठवड्यात इथे इटलीत आमचे घरमालक आजोबा कात्री घेऊन द्राक्षाच्या ओळीत शिरले आणि चांगले भरलेले घड कापून सरळ मातीत टाकायला लागले. मी खिडकीतून बघितलं, पायात चपला सरकवल्या आणि खाली धावले. मला वाटलं, रोग पडला. रोगबिग काही नव्हता. एकेका वेलीवर दहा-बारा घड, त्यातले चार-पाच खाली.

निफाडच्या मुलीला हे बघवत नाही हो. आपल्याकडेही विरळणी करतात, मान्य. पण ती मणी ज्वारीएवढे असताना. इथे ऑगस्ट उजाडलेला, मण्यांना रंग चढायला लागलेला, वर्षभराचं खत-पाणी त्यात गेलेलं. मी विचारलं, का? आजोबा वर न बघता म्हणाले, "ओत्तान्ता क्विंताली."

इटलीत दोन वर्षं काढून डोक्यात भाषांतर न करता कळलेलं हे माझं पहिलं वाक्य. ऐंशी क्विंटल! हेक्टरी ऐंशी, म्हणजे एकरी जेमतेम बत्तीस. त्याच्या वर माल काढला तर त्या मालाच्या वाइनला बारोलो म्हणता येत नाही. आमचे आप्पा एकरी शंभर क्विंटलच्या खाली आलं की दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत.

बारोलो म्हणजे उत्तर इटलीच्या पिएमोंते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवरच्या अकरा गावांच्या हद्दीतली रेड वाइन. द्राक्षाची जात एकच, नेब्बियोलो. पूर्ण उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर लावायची नाही, ओल धरणाऱ्या सखल रानात लावायची नाही. वाइन झाली की किमान 38 महिने मुरवायची, त्यातले 18 लाकडी पिंपात. लेबलवर 'रिझर्वा', म्हणजे जास्त मुरवलेली, असं लिहायचं असेल तर 62. मग बाटलीच्या गळ्याला नंबर घातलेली सरकारी पट्टी. शेजारच्या बार्बारेस्को वाइनला सवलत, 26 महिन्यांत सुटका. दक्षिणेकडे तोस्काना, तिथे ब्रुनेल्लो वाइनवाले पाचव्या वर्षापर्यंत थांबतात. आणि वेरोनाजवळ आमारोने वाइनसाठी घड आधी माचांवर महिनोन्महिने सुकवतात. ते ऐकून मला थेट तासगावचे बेदाण्याचे शेड आठवले, फक्त हे लोक बेदाणा व्हायच्या आधीच पिळून मोकळे होतात.

पहिल्यांदा बारोलो प्यायले तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटलं होतं. रंग कोकम सरबतासारखा फिका, आणि घोट घेतला तर कच्च्या सुपारीने आवळावी तशी जीभ आवळली. आता आवडते. घरी सांगू नका.

तर आजोबा. घड टाकता टाकता त्यांनी विचारलं, तुमच्याकडे द्राक्षं होतात? झालं, मी सुटलेच. म्हटलं, तुमची वेल हिवाळाभर बर्फात झोपते, आमचीला झोप माहीत नाही. आम्ही वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलला काडीसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठी गोडी छाटणी. तुमचा नेब्बियोलो पिकतो तेव्हा आमची छाटणी चालू असते. मांडवाखाली भर उन्हाळ्यात हात पोळत काम करणारी माणसं आहेत आमची. आजोबा म्हणाले, "दोनदा?" आणि कीव आल्यासारखं वेलीकडे बघितलं. माझ्या वेलीकडे नव्हे, त्यांच्या.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली नाही. आप्पांनीही एक एकर वाइनची द्राक्षं लावली होती. वायनरीशी करार होता, वजनाचा, साखरेचा. 2009च्या मंदीत माल उचलायला कोणी आलंच नाही. घड वेलीवरच राहिले आणि पुढच्या वर्षी आप्पांनी बाग मुळासकट काढली. माल टाकायची सवय आम्हालाही आहे म्हणायची, फक्त कात्री आमच्या हातात नव्हती. आणि इथलं सगळंच सोवळं आहे असंही नाही. 1986 मध्ये याच पिएमोंतेतून मिथेनॉल घातलेली स्वस्त वाइन बाहेर पडली होती, माणसं मेली होती. हेही मी आजोबांना बोलले नाही. भाडं त्यांनाच द्यायचंय.

संध्याकाळी आप्पांना फोटो पाठवला, ओळीत पडलेल्या घडांचा. लगेच फोन आला. म्हटलं आता वाण विचारतील, माती विचारतील, गारपिटीचं विचारतील (गारांना इथलेही लोक आपल्याइतकेच भितात, जाळ्या बांधतात). आप्पांनी एवढंच विचारलं, "त्याला सोसायटीचं कर्ज आहे का?"

नाही म्हटलं. "मग टाकू दे," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

मला काही ते बघवेना. अंधार पडायच्या आत पिशवीभर घड उचलून आणले, मोरचुदाचे निळे डाग तीन पाण्यांत धुऊन काढले आणि चिंच संपली होती म्हणून ते आंबट मणी ठेचून आमटीत घातले. आजोबांना वाटीभर नेऊन दिली. त्यांनी एक चमचा घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, हिला अजून अडतीस महिने ठेव.