एका बाजूच्या तांब्यावर

हल्ली फाईल पाठवली की तयार पीसीबी, म्हणजे छापील सर्किट बोर्ड, घरपोच येतात, हिरवेगार, छिद्रांना आतून मुलामा दिलेले, पांढऱ्या अक्षरांत नावं छापलेले. तरीही छोटं सर्किट असेल तर मी बोर्ड घरीच करतो. दुपारी कागदावर असलेलं सर्किट रात्री चालू होतं, हे एक कारण. मोठं कारण वेगळं आहे: घरच्या बोर्डाला तांबं एकाच बाजूला असतं, आणि त्यामुळे सर्किटचा खरा विचार करावा लागतो.

दोन थर हाताशी असले की अडलेला ट्रॅक (तारेचं काम करणारी तांब्याची पट्टी) खालच्या थरात ढकलून मोकळं होता येतं. एकाच थरात ती पळवाट नाही. मग आयसी, म्हणजे चिप, फिरवून बघायची, मायक्रोकंट्रोलरच्या पिना अदलाबदल करायच्या, रेझिस्टरच्या पोटाखालून ट्रॅक काढायचा. एवढं करूनही जे सुटत नाही तिथे तारेचा जंपर, म्हणजे ट्रॅकवरून उडी मारणारा जोड. मी ग्राउंड, म्हणजे सर्किटची सामाईक शून्य व्होल्टची जोडणी, सगळ्यात शेवटी, उरलेली सगळी जागा तांब्याने भरून घेतो. ग्राउंड चांगलं मिळतं आणि काढून टाकायचं तांबंही कमी उरतं, म्हणजे तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराईडचं द्रावण जास्त बोर्डांना पुरतं.

ट्रॅक शक्यतो अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून रुंद ठेवतो. नेहमीच्या बोर्डावर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. द्रावण तांबं खाली खातं तसं कडेनेही खातं, त्यामुळे ट्रॅक दोन्ही बाजूंनी थोडा बारीक होतो. अर्ध्या मिलिमीटरला त्याचं काही वाटत नाही, पण केसासारखा ट्रॅक तेवढ्यात तुटू शकतो.

छपाईसाठी लेझर प्रिंटरच हवा, कारण टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकची भुकटी. छापलेला कागद तांब्यावर ठेवून इस्त्री फिरवली की उष्णतेने ती वितळते, तांब्याला चिकटते आणि तिच्याखालचं तांबं द्रावणापासून वाचतं. इंकजेटच्या शाईला हे जमत नाही. खालच्या थराचा, म्हणजे तांब्याच्या बाजूचा, लेआउट (ट्रॅकची मांडणी) आरशासारखा उलटा न करता, बोर्डाच्या वरून पाहिल्यासारखा आहे तसा छापायचा. कागद तांब्यावर पालथा पडतो तेव्हा तो आपोआप उलटतो. मी प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात तांब्यातच दोन अक्षरं टाकतो. कागदावर ती उलटी दिसली आणि बोर्डावर सुलटी उमटली की समजायचं, दिशा बरोबर आहे.

इस्त्री किती वेळ फिरवायची हे सगळे विचारतात, तांबं कसं घासलं हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते बोर्ड तिथेच जमतो किंवा फसतो. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून तांबं एकसारखं गुलाबी होईपर्यंत घासायचं, मग धुवायचं. पाणी सगळीकडे सलग पसरलं तर तेलकटपणा गेला. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर पुन्हा घासायचं. त्यानंतर वाळवून स्पिरिटने पुसायचं आणि पुढे बोटं फक्त कडेलाच. एका अंगठ्याच्या ठशाएवढ्या जागेतला टोनर सुटलेला मी पाहिला आहे.

एचिंगला, म्हणजे नको असलेलं तांबं विरघळवायला, बोर्ड मी द्रावणावर पालथा तरंगत ठेवतो, तांब्याची बाजू खाली. तांबं विरघळलेलं द्रावण जड होऊन तळाशी जातं आणि त्याच्या जागी ताजं येतं. मात्र ठेवताना खाली हवेचा बुडबुडा अडकता कामा नये, नाहीतर तेवढं तांबं तसंच राहतं. द्रावण कोमट असलं की काम झपाट्याने होतं. आधी कडा मोकळ्या होतात, मग मधला भाग, आणि अगदी शेवटी दोन पॅडमधली (सुट्या भागांचे पाय जोडायच्या तांब्याच्या चकत्यांमधली) चिंचोळी जागा. ती मोकळी झाली की लगेच बोर्ड बाहेर. भांडं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं, धातूचं कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, हे कळकळीने सांगतो. त्यात विरघळलेलं तांबं असतं आणि पाण्यातल्या जिवांना ते विषारी आहे. माझं द्रावण झाकणाच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये, नाव लिहून साठवलेलं असतं आणि ते घातक रसायनांच्या संकलनालाच जातं.

भोकं पाडताना पॅडच्या मधोमध खाल्ला गेलेला बारीक ठिपका ड्रिलच्या बिटाला जागेवर धरतो, म्हणून लेआउटमध्ये तो जरूर ठेवावा. रेझिस्टर आणि आयसीला ०.८ मिमी, पिन हेडरला १ मिमी. कार्बाइड बिट जरा तिरका झाला की मोडतो, त्यामुळे ड्रिलला स्टँड हवाच. एफआर-४ या बोर्डाच्या साहित्यात काचेचे धागे असतात आणि त्याची भुकटी श्वासात जाऊ नये, म्हणून मास्क.

अगदी बारीक पिनांची चिप असेल किंवा दोन थरांशिवाय भागतच नसेल तर मी बोर्ड बाहेरूनच करून घेतो, तिथे घरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. पण एखादा सेन्सर, दोन ट्रान्झिस्टर आणि रिले एवढंच सर्किट असेल, तर आधी एका थरात बसवून बघा. पहिल्या मांडणीत सात जंपर लागले तर लगेच छापू नका. आयसी नव्वद अंशांत फिरवा, कनेक्टर दुसऱ्या कडेला न्या, आणि पुन्हा मोजा.