कासच्या फुलांसाठी स्लाइड फिल्म: वेल्व्हिया की प्रोव्हिया, माझा अनुभव

मामांचा जुना मॅन्युअल कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हाच ठरवलं की यंदा कासला स्लाइडवरच काढायचं, म्हणजे जिच्यावर थेट खऱ्या रंगातलं पारदर्शक चित्र उमटतं त्या फिल्मवर. निगेटिव्हला एक्स्पोजर थोडं इकडंतिकडं झालं तरी प्रिंट काढताना सांभाळून घेता येतं, स्लाइडला ते नाही, कॅमेऱ्यात जे उमटलं तेच हातात येतं, अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) चुकला तरी लगेच दिसतं.

पहिला रोल फुजीचा वेल्व्हिया ५० घेतला. १९९० पासून निसर्गाचे फोटो काढणारे या फिल्मवर जीव टाकतात, हिरवा न् लाल रंग असा गडद येतो की बघत राहावं. सप्टेंबरात पहाटेच साताऱ्यातून निघालो, वर ओल्या काळ्या कातळावर गेंदाच्या फुलांचे पांढरे ठिपके पसरलेले, मी उजेड मोजणारा मीटर बघितला आणि काढत गेलो. साताऱ्यात ई-६, म्हणजे स्लाइड फिल्म धुवायची पद्धत, करून देणारं कोणी सापडलं नाही म्हणून रोल कुरिअरने बाहेर पाठवला, तीन आठवडे जीव टांगणीला, आणि आलं काय तर फुलं पांढरीफटक! मीटरला काळा कातळ दिसला, त्याने उजेड जास्त मागितला आणि मी दिला. फार वाईट वाटलं.

पुढच्या वेळी शेजारच्या ना फार काळ्या ना फार पांढऱ्या अशा गवतावर मीटर धरला, प्रत्येक फ्रेम अर्धा स्टॉप वरखाली करून तीनदा काढली आणि सगळं वहीत लिहून ठेवलं. ढगाळ उजेडात वेल्व्हियावर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी, वा! पण बायकोचा चेहरा लालसर आला, आणि पठारावर वारा असतोच, लेन्सचं छिद्र एफ ११ इतकं लहान ठेवून शटर १/८ सेकंदापर्यंत खाली आलं की फुलं हलणारच.

म्हणून मग फुजीचीच प्रोव्हिया १००एफ. एक स्टॉप वेगवान, रंग जरा शांत, माणसं माणसांसारखी दिसतात. अजिंक्यताऱ्यावरून पहाटेचं सातारा शहर तीस सेकंद देऊन काढलं, शटर फार वेळ उघडं ठेवलं की फिल्म उजेड कमी धरते, पण प्रोव्हियाला तेवढ्याला वेळ वाढवायची गरजच पडत नाही, वेल्व्हियाला चार सेकंदांपासूनच हिशोब करावा लागतो. कोडॅकने २०१८ मध्ये परत आणलेली एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म पण बघायची होती, पैसे पुरले नाहीत.

यंदा दोन प्रोव्हिया आणि ढगाळ दिवसासाठी एक वेल्व्हिया. तिन्ही फ्रिजमध्ये ठेवलेत, निघायच्या आदल्या रात्री बाहेर काढायचे, थंड रोल तसाच उघडला तर पाणी धरतं.