आत्या गेली तेव्हा

आत्या गेली ती पहाटे, पावणेपाचला. मी आधी पंखा बंद केला. मग पापण्या मिटल्या, डोक्याखाली दोन उशा सारल्या आणि कापसाचे ओले बोळे डोळ्यांवर ठेवले. नेत्रपेढीला फोन लावला. रडायला नंतर बसले. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात आणि पंख्याच्या वाऱ्याने बुबुळ सुकतं, हे तिच्याबरोबर लोकांच्या घरी जाऊन जाऊनच अंगवळणी पडलं होतं.

इंदूरच्या रामबागेत तिचं आयुष्य गेलं. शाळेतली नोकरी, आणि संध्याकाळी पितळी डबा घेऊन एमवाय. महाराजा यशवंतराव हॉस्पिटल असं पूर्ण नाव इथे कुणी घेत नाही. झाबुआ, बडवानी, खरगोनकडचे पेशंट येतात आणि त्यांची माणसं व्हरांड्यात चादर अंथरून दिवस काढतात. आत्या डबा देऊन निघून येत नसे. मांडी घालून शेजारी बसायची. नवरा आत ऑपरेशनला, म्हणून एक बाई घास घेईना, तेव्हा आत्याने पोळीचे दोन तुकडे केले, एक तिच्या हातात दिला, एक स्वतः खाल्ला.

डोळ्यात फूल पडलेला, बुबुळावर पांढरा डाग असलेला एक मुलगा तिला तिथेच भेटला. मरणाच्या घरी जाऊन नेत्रदानाचं विचारणं तेव्हापासून सुरू झालं. फार कठीण काम ते. 'पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल,' असं म्हणणारे असायचे. ती शांतपणे सांगायची, "चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. चेहरा बिघडत नाही. आणि अहो, एरवी अग्नीलाच द्यायचे ना?" एका घरातून तिला अक्षरशः हाकलून दिलं. मला इतका राग आला होता! आत्याने मात्र त्याच संध्याकाळी त्या घरी पिठलं-भाताचं पातेलं नेऊन दिलं. सुतकात चूल पेटत नाही, लहान मुलं उपाशी असतील, एवढंच म्हणाली.

नेत्रपेढीची माणसं आली, वीसेक मिनिटांत काम झालं. तिचा चेहरा होता तसाच होता, कपाळावरची आठीसुद्धा.

तेरावा झाल्यावर मी डबा काढला, चिंचेने लख्ख घासला. तिच्या पंचवीस पोळ्या असायच्या. माझ्या सात वाजेपर्यंत चौदा झाल्या. तेवढ्याच घेऊन गेले.